ओसरलेली भीती परतू नये म्हणून सराव कसा करावा

कुत्रा चावल्यानंतर मनात बसलेली भीती सरावाने ओसरते, पण तिची आठवण सहसा पुसली जात नाही. सराव कसा करायचा हे यावरूनच ठरते. साखळीचा खळखळाट आणि चाव्याची वेदना यांची सांगड मेंदूतील अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागात बसते. तोच खळखळाट पुढे वारंवार ऐकूनही काही झाले नाही, तर ‘यात धोका नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते आणि कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतला, खालचा भाग तिच्या आधारे अमिग्डलाला आवर घालतो. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की भीती शमवल्याच्या दुसऱ्या दिवशी या भागातील पेशी जितक्या जोमाने सक्रिय होतात, तितके उंदीर भीतीने कमी थिजतात.

अडचण अशी, की भीतीची आठवण कोठेही जागी होते, पण निर्धोकपणाची आठवण हिप्पोकॅम्पस या, जागा आणि प्रसंग लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागामुळे बरीचशी सराव झालेल्या जागेशीच बांधलेली राहते. म्हणून मावशीच्या अंगणात धीट झालेले मूल अनोळखी जिन्यात, फरशीवर नखांची टकटक ऐकताच, पुन्हा आईला बिलगते.

सरावासाठी ओळखीच्या घरातला, लस टोचलेला, शांत आणि बांधलेला कुत्रा निवडावा. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांबाबतची सावधगिरी रास्तच असते, ती घालवू नये. जवळ जाण्यापूर्वी काय घडेल असे वाटते ते वहीत नेमके लिहावे, उदाहरणार्थ ‘तो साखळी तोडून अंगावर येईल’, आणि काही वेळ थांबून प्रत्यक्षात काय घडले ते त्याखाली नोंदवावे. या दोन ओळींतील तफावत मेंदूला शिकवते, म्हणून भीती किती कमी झाली हे मोजत बसण्यापेक्षा ही वही मला अधिक मोलाची वाटते. हातात काठी किंवा छत्री धरू नये, नाहीतर ‘छत्रीमुळे वाचलो’ एवढेच मनात ठसते. त्यानंतर अंगण, जिना, बाग अशा जागा, वेळा आणि कुत्रेही बदलत जावे.

प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहत असेल किंवा झोप उडाली असेल, तर हा सराव मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा.

काही आठवड्यांच्या खंडानंतर छातीत पुन्हा धडधडू लागले, तर आधीचे कष्ट वाया गेले असे समजू नये. दोन-तीन दिवसांतच त्याच शांत कुत्र्यापाशी जावे आणि वहीचे नवे पान उघडावे.