डाउनची रजाई घेताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ५ च्या खाली सहज जातो, त्यात शहराच्या लष्कर भागातली आमच्यासारखी जुनी घरं, उंच छत, दगडी फरशी, हीटर लावला तरी खोली काही तापत नाही. त्यामुळे हल्ली बरेच जण तीन किलोच्या कापसाच्या रजाईऐवजी डाउनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ लवेची रजाई, जिला डुव्हे म्हणतात, ती घ्यायचं म्हणतायत, विचारणारेही वाढलेत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक वजनाची. आपल्या डोक्यात बसलंय की जड ते गरम. खरी ऊब असते आत अडकलेल्या हवेची. पिंजारी कापूस पिंजतो तेव्हा हेच तर करतो, दबलेल्या कापसात परत हवा भरतो, म्हणून नवी भरलेली रजाई पहिल्या थंडीत कशी फुगलेली असते आणि तीच तिसऱ्या वर्षी वजन तेवढंच असून गार लागते. डाउन म्हणजे बदकाच्या नाहीतर गूजच्या, म्हणजे पाळीव हंसाच्या, छाती-पोटाची मऊ लव, तिला पिसासारखी कडक दांडी नसते, बारीक तंतू चहूकडे पसरलेले असतात, त्यामुळे मूठभर वजनात ती खूप हवा धरते. मी पहिल्या वर्षी काय केलं, तर डुव्हेवर आईची जुनी रजाई टाकली, डबल गरम होईल म्हणून, आणि पहाटे चारला पाय गार पडून जाग आली. वरच्या वजनाने सगळी हवा चेपली होती. अजून पांघरूण हवंच असेल तर डुव्हेच्या आत, अंगालगत पातळ चादर किंवा शाल घ्या.

दुसरं म्हणजे ७००, ८०० असे आकडे ऐकून हुरळून जाणं. ही फिल पॉवर, म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम डाउन फुलून किती घन इंच जागा घेतं ते. पण आत भरलंय किती ग्रॅम? ८०० वालं जेमतेम भरलेलं असेल तर त्यापेक्षा ६०० वालं भरपूर भरलेलं जास्त गरम निघू शकतं. दोन्ही आकडे विचारा. शिलाईही बघा, वरचं आणि खालचं कापड थेट एकत्र शिवलं असेल तर टाक्यांच्या रेघेवर भरण नसतंच, तिथून गारवा आत येतो. आत कापडाच्या उभ्या पट्ट्या लावून चौकोनी कप्पे केलेली घ्या.

लेबल न वाचणं ही तर माझी स्वतःची चूक. एका दुकानात 'डाउन फील' लिहिलेलं मी डाउन समजून घेऊन आले, घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धागा. मायक्रोफायबर वाईट नाही हो, पण ते डाउनच्या भावात कशाला घ्यायचं? 'फेदर' लिहिलं असेल तर पिसं जास्त, चिमटीत दाबलं की दांड्या टोचतात.

आता जे कोणीच विचारत नाही ते. ही लव येते कुठून? बहुतेक मांसासाठी पाळलेल्या बदकांची आणि गूजची, कापल्यानंतर काढलेली. पण काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची पिसं उपटतात, ती काही आठवड्यांनी परत येतात म्हणून त्याच पक्ष्याची परत उपटतात, कातडी सोलवटते, रक्त येतं. फ्वा ग्रासाठी, म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या फुगवलेल्या यकृताच्या पदार्थासाठी, घशात नळी घालून कोंबून खायला घालतात त्या पक्ष्यांची लवही बाजारात येते. फ्वा ग्राची आयात भारताने २०१४ मध्ये बंद केली, रजाईतल्या लवेबद्दल मात्र आपणच विचारायचं. दुकानदार म्हणाला 'मॅडम, एकदम एथिकल आहे' तर तेवढ्यावर जाऊ नका. आरडीएस, म्हणजे रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्डचं लेबल मागा, २०१४ पासून आहे, त्यात जिवंतपणी उपटणं आणि कोंबून खायला घालणं दोन्ही बंद आणि तपासणी फार्मपासून कारखान्यापर्यंत होते. लेबलवर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव आणि नंबर असतो, नसेल तर मी सरळ ठेवून देते. पण पक्षी शेवटी कापलेलाच असतो, हे लेबल बदलत नाही. हे ऐकल्यावर आमची आई म्हणाली, 'मला नको बाई, माझीच रजाई पिंजून आण', आणि आम्ही ती आणली, तिला तेवढी पुरते. घरात तुमच्याही कोणाला असं वाटत असेल तर आधी विचारा, आणून मग सांगू नका.

राहिली धुलाई. डाउन ओलं झालं की चिकटून बसतं आणि ऊब संपते, म्हणून वरून कव्हर घालाच, धुणं वर्षातून एखाद्या वेळी, सौम्य साबणाने. उन्हाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, सुती खोळीत सैल ठेवा. धुतल्यावर ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून फिरवा, गुठळ्या सुटतात. बाहेरून कोरडी वाटली तरी कोपऱ्यांत हात घालून बघा, गुठळी लागली म्हणजे आत ओल आहे, परत फिरवा, नाहीतर कुबट वास बसतो आणि मग तो काही केल्या जात नाही.