पडलेल्या कैरीचा साल्सा बाटलीत भरताना व्हिनेगर मोजूनच घाला

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून वादळी वाऱ्याचा किंवा गारपिटीचा इशारा आला, की धुऱ्यावरच्या गावरान आंब्याची तयार कैरी आधी उतरवून घ्या. विजा चमकू लागल्यावर झाडाखाली कुणीही जाऊ नका, कैरी गेली तर गेली. वादळ सरल्यावर सकाळीच वेचणी करा आणि त्याच दिवशी माल कामाला लावा. गार लागलेली, फुटलेली, आत माती शिरलेली कैरी बाटलीसाठी चालणार नाही.

याच दिवसांत दुकानदार 'फळगळ थांबवणारे' टॉनिक पुढे करतात. वाऱ्याने पडणारी कैरी कुठल्याही टॉनिकने थांबत नाही. तो पैसा नव्या बाटल्या-झाकणांना लावा.

वादळानंतर नागपूरच्या कळमना बाजारात सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. म्हणून काही बचत गट लोणचे-आमचुराच्या जोडीला कैरीचा साल्सा, म्हणजे फोडींची आंबट-गोड-तिखट चटणी, बाटलीत भरू लागले आहेत. माल चांगला होतो, चवही जमते. पण पुढे झाकणे फुगतात आणि अख्खी खेप फेकावी लागते. चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येते : "व्हिनेगर जरा कमी घातलं, फार आंबट लागत होतं."

लोणच्याचा हात इथे उपयोगी पडत नाही. लोणचे टिकते ते भरपूर मिठावर, वरून तेल असते. साल्सात मीठ नाही, तेल नाही. जे काही राखायचे ते आंबटपणाने राखायचे. त्यात कांदा, लसूण, ढोबळी मिरची पडते आणि या तिन्ही भाज्या कमी आंबट आहेत. मिश्रणाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या वर गेला, तर बंद बाटलीत बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढू शकतो. त्याची बीजे साध्या उकळीने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश उष्णता लागते. त्याच्या विषाला ना वास ना चव. झाकण फुगले तर निदान कळते तरी. न फुगलेली बाटली जास्त भीतीची.

म्हणून मात्रा तपासलेलीच घ्या. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने तपासलेल्या आंब्याच्या साल्साचे माप आपल्या भांड्यात असे बसते :

कच्च्या कडक कैरीच्या फोडी १ लिटर ४४० मिलि (२४० मिलिच्या कपाने ६ कप)
लाल ढोबळी मिरची, चिरून, दीड कप
कांदा, चिरून, अर्धा कप
लसूण २ चमचे, आले २ चमचे, बारीक चिरून
सुक्या लाल मिरचीचा चुरा अर्धा चमचा (भिवापुरी असेल तर उत्तम)
तपकिरी साखर १ कप
५ टक्के आम्लतेचे व्हिनेगर ३०० मिलि
पाणी १२० मिलि

चमचा म्हणजे ५ मिलिचा. कैरी वाढवली तर बाकी सारे त्याच प्रमाणात वाढवा. कांदा-लसूण-मिरची जास्त नको, व्हिनेगर कमी नको. आंबट फारच लागले तर साखर थोडी वाढवा, व्हिनेगरला हात लावू नका.

व्हिनेगर घेताना लेबल वाचा. आपल्याकडच्या दुकानांत ४ टक्क्यांच्या बाटल्या सर्रास मिळतात, त्या या कामाच्या नाहीत. घरचा संत्र्याचा रस व्हिनेगरच्या जागी घालण्याचा मोह इथे सगळ्यांनाच होतो, पण त्याची आम्लता साधारण एक टक्क्याच्या आतच, म्हणजे या कामाला फारच अपुरी. पाड लागलेला आंबाही नको. पिकताना त्याचा आंबटपणा उतरतो. साखरेऐवजी गूळ घालू नये असे माझे मत आहे. गूळ करताना चुना वापरतात आणि तो आंबटपणा मारत असावा. हा माझा अंदाज आहे, पण जोखीम कशाला?

दुकानदार 'प्रिझर्व्हेटिव्ह पावडर' विकतील. सोडियम बेन्झोएट आंबट मिश्रणातच नीट काम करते, म्हणजे आंबटपणा नसेल तर तेही वाया. त्यापेक्षा सामू तपासायच्या पट्ट्या घ्या. पट्टीचा आकडा ढोबळ असतो, म्हणून ४ च्या वर दिसला की ती खेप बाटलीत भरू नका, फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.

कृती :
चिकाने हात पोळतात, हातमोजे घाला.
कैरी धुवा, सोला, अर्ध्या इंचाच्या फोडी करा.
स्टीलच्या गंजात (पातेल्यात) सगळे एकत्र करा. ॲल्युमिनियम, पितळ नको.
उकळी आणा, साखर विरघळवा, मंद आचेवर ५ मिनिटे ठेवा.
पाव लिटरच्या गरम बाटल्यांत आधी फोडी, मग रस. वर अर्धा इंच जागा सोडा.
हवेचे बुडबुडे काढा, काठ पुसा, नवे झाकण लावा.
बाटल्या बुडून वर एक इंच पाणी राहील एवढ्या उकळत्या पाण्यात ठेवा.

हे शेवटचे उकळणे टाळू नका. मूळ कृतीत १,००० फुटांपर्यंत १० मिनिटे आणि त्यावर १५ मिनिटे दिली आहेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या किंचित वर आहे. काटोलकडे उंची आणखी जास्त. उंचीवर पाणी थोड्या कमी तापमानाला उकळते, म्हणून आपल्याला १५ मिनिटेच. मोजणी पाणी खळखळून उकळू लागल्यापासून धरा. या उकळीने बुरशी आणि यीस्ट मरतात. बोट्युलिझमला अडवतो तो आंबटपणाच. व्हिनेगर कमी पडले असेल, तर तासभर उकळूनही ती कसर भरून निघत नाही.

बाटल्या १२ ते २४ तास न हलवता गार होऊ द्या. मग झाकणाचा मध्य बोटाने दाबा. टकटक वाजला तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा. बाकीच्या अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात पत्र्याखालची खोली ३५ अंशांच्या कितीतरी वर जाते, तिथे नको. कूलरसमोरही नको, ओलीने झाकणे गंजतात. सांबार (कोथिंबीर) बाटली उघडल्यावरच, वाढताना चिरून घाला.

विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी काढा आणि प्रत्येक बाटलीवर खेपेची तारीख लिहा, म्हणजे एक बाटली फुगली की त्या तारखेच्या सगळ्या परत मागवता येतील. फुगलेली, गळणारी, उघडताना फसफसणारी बाटली चाखून बघू नका, गुरांनाही घालू नका. खाल्ल्यानंतर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच मोठ्या रुग्णालयात जा, आणि घरी भरलेली बाटली खाल्ली होती हे डॉक्टरांना आधी सांगा.