अमेरिकन सोरॉरिटींच्या ‘पहिलेपणा’चे दावे तपासून कसे लिहावेत

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या संघटनांचा, म्हणजे सोरॉरिटींचा, इतिहास लिहायला घेतला की ‘सर्वांत पहिली’ म्हणवणाऱ्या तीन-चार संघटना लगेच समोर येतात, आणि गंमत अशी की त्यांपैकी एकीचाही दावा खोटा नसतो. प्रत्येक दावा एखाद्या विशेषणाच्या आधारावर उभा असतो. लेखात ते विशेषण गळून पडले की खरे विधान चुकीचे ठरते. म्हणून टिपण काढताना ‘पहिली’ एवढाच शब्द उतरवून न घेता संघटना कोणत्या प्रकारची, कोणत्या विद्यार्थिनींची आणि नेमकी कोणत्या बाबतीत पहिली, हे दाव्यासोबतच लिहून ठेवावे.

जॉर्जिया राज्यातील मेकन येथील वेस्लियन फीमेल कॉलेजात १५ मे १८५१ रोजी अ‍ॅडेल्फियन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथेच फिलोमॅथियन सोसायटी निघाली. महाविद्यालयीन स्त्रियांच्या गुप्त मंडळांमध्ये पहिलेपणाचा मान अ‍ॅडेल्फियनकडे जातो. मात्र ही दोन्ही मंडळे पन्नासहून अधिक वर्षे त्या एकाच महाविद्यालयापुरती राहिली. आज ती ज्या नावांनी ओळखली जातात ती अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू ही ग्रीक नावे विसाव्या शतकातली आहेत. इलिनॉय राज्यातील मॉनमथ कॉलेजात २८ एप्रिल १८६७ रोजी बारा विद्यार्थिनींनी आय. सी. सोरोसिस स्थापन केली, ती मुळातच पुरुषांच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेच्या, धर्तीवर आणि अन्य महाविद्यालयांत शाखा काढण्याच्या उद्देशाने. तिने पाय बीटा फाय हे नाव १८८८ मध्ये घेतले. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथे २७ जानेवारी १८७० रोजी बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी कप्पा अल्फा थीटा सुरू केली, तेव्हा तिचे नाव पहिल्या दिवसापासून ग्रीक अक्षरांचे होते. म्हणजे सर्वांत जुने मंडळ एक, फ्रॅटर्निटीच्या नमुन्यावरची पहिली संघटना दुसरी आणि ग्रीक अक्षरांची पहिली तिसरी. लेखात या तिघींना एका रांगेत उभे करून एकीला विजयी घोषित करण्यात काहीही अर्थ नाही.

जुनी कागदपत्रे शोधताना एक व्यावहारिक अडचण येते. ‘सोरॉरिटी’ हा शब्द १८८२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी तेथील गॅमा फाय बीटा या विद्यार्थिनींच्या संघटनेसाठी सुचवला, त्यामुळे त्याआधीच्या संघटना स्वतःला स्त्रियांची फ्रॅटर्निटी म्हणवत आणि काही आजही तसेच म्हणवतात. शोधताना दोन्ही शब्द वापरावेत.

तारखांच्या बाबतीत स्थापना, कायदेशीर नोंदणी आणि राष्ट्रीय विस्तार या तीन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. याचे सर्वांत बोलके उदाहरण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सापडते. तेथे १५ जानेवारी १९०८ रोजी स्थापन झालेली अल्फा कप्पा अल्फा ही आफ्रिकी-अमेरिकी महाविद्यालयीन स्त्रियांची पहिली ग्रीक अक्षरांची सोरॉरिटी. तिच्यातील बावीस विद्यार्थिनींना संघटनेचे स्वरूप बदलावेसे वाटले. त्या बाहेर पडल्या आणि १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. लगोलग २९ जानेवारीला सदस्य नेली क्वांडर यांच्या पुढाकाराने अल्फा कप्पा अल्फाची कायदेशीर नोंदणी झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय नोंदणीची ती घाई समजत नाही, आणि केवळ स्थापनावर्षांची यादी देणारा लेख नेमकी हीच गोष्ट झाकून टाकतो.

काही मान तर बहिष्कारातून निर्माण झाले आहेत, आणि हे लिहिताना संकोच करू नये. प्रस्थापित संघटनांची दारे ज्यू, कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थिनींना बंद होती, म्हणून १९०३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्यू विद्यार्थिनींची आयोटा अल्फा पाय आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये जपानी-अमेरिकी विद्यार्थिनींची काय अल्फा डेल्टा उभी राहिली. लॅटिना विद्यार्थिनींची लॅम्डा थीटा अल्फा न्यू जर्सीत १९७५ मध्ये निघाली. अशा नोंदीत कारण वगळले तर मान पोकळ वाटतो.

कामगिरीविषयी लिहिताना ‘समाजसेवा केली’ अशा गुळगुळीत वाक्यावर थांबू नये; काम कोठे, किती काळ आणि कोणत्या अडचणींतून झाले ते सांगावे. पाय बीटा फायने १९१२ मध्ये टेनेसीतील गॅटलिनबर्ग या डोंगराळ गावात शाळा काढली. तिच्याच हस्तकलेच्या परंपरेतून आजची अ‍ॅरोमाँट ही कलाशाळा घडली. अल्फा कप्पा अल्फाचा मिसिसिपी आरोग्य प्रकल्प तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. डॉ. डॉरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली १९३५ ते १९४२ या काळात उन्हाळ्यात डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका तेथे जात. मळेवाले आपल्या कुळांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा या स्त्रियांनी औषधे आणि लसी स्वतःच्या मोटारींत भरून दवाखानाच मळ्यांवर नेला. डेल्टा सिग्मा थीटाचे पहिले सार्वजनिक कार्य म्हणजे ३ मार्च १९१३ रोजीच्या वॉशिंग्टनमधील मताधिकार मोर्चातील सहभाग. तेव्हा संघटनेला दोन महिनेही झाले नव्हते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो सदस्यांच्या यशाबाबत. शर्ली चिझम १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या आणि त्या डेल्टा सिग्मा थीटाच्या सदस्य होत्या. ही दोन स्वतंत्र विधाने आहेत आणि ती तशीच लिहावीत. सदस्यत्व विद्यार्थिदशेतले की मानद, हेही नोंदवावे. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकत असताना अल्फा कप्पा अल्फात आल्या, तर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट त्याच संघटनेच्या मानद सदस्य होत्या. दोघींना एकाच यादीत बसवणे योग्य नाही. पदव्यांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. १९२१ च्या जून महिन्यात जॉर्जियाना सिम्प्सन, सेडी मॉसेल (पुढे अलेक्झांडर) आणि ईव्हा डाइक्स या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना काही दिवसांच्या अंतराने पीएच. डी. मिळाली. पदवी सर्वांत आधी सिम्प्सन यांच्या हाती आली, पण पदवीसाठीचे काम आधी पूर्ण केले होते ते डाइक्स यांनी. आणि डेल्टा सिग्मा थीटाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष असलेल्या सेडी यांचा मान अर्थशास्त्रापुरता आहे. ‘पहिली कृष्णवर्णीय महिला डॉक्टरेट’ असे शीर्षक देण्याआधी ही तिन्ही नावे वाचकांसमोर ठेवावीत.

पुराव्यासाठी संघटनेचे स्वतःचे नियतकालिक उपयोगी पडते, पण ते घरचे साक्षीदार आहे. त्यातील प्रत्येक महत्त्वाची तारीख महाविद्यालयाच्या अभिलेखागारातील वार्षिकांक, विद्यार्थ्यांची वृत्तपत्रे आणि नोंदणीचे दस्तऐवज यांच्याशी ताडून पाहावी. दोन तारखा जुळल्या नाहीत तर सोयीची निवडू नये. कोणती तारीख पहिल्या बैठकीची आणि कोणती मान्यतेची, हे स्पष्ट करून दोन्ही द्याव्यात.