टर्बो गाडीचे कनेक्टिंग रॉड मजबूत करताय? या चुका टाळा

रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवायचा आणि मग "रॉड जरा मजबूत करून द्या" म्हणत यायचं, असं रोज कोणीतरी येतं. घाई सगळ्यांनाच. रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, आणि त्याच्या खालच्या टोकाला बोल्टने बसणारा अर्धगोल तुकडा म्हणजे कॅप. पण रॉड तुटायच्या आधी बहुतेक वेळा बोल्ट आणि कॅपचा जोड दगा देतो, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

माझ्याकडे एक १.२ लिटर टर्बो पेट्रोल टोइंगवर आली. दुसरीकडे इंजिन खोलून बसवल्याला जेमतेम ८०० किलोमीटर झालेले आणि खालून खटखट. संप (इंजिनखालची तेलाची टाकी) उतरवला तर तेलात शेल बेअरिंगची, म्हणजे रॉड आणि क्रँकमधल्या पातळ अस्तराची, चमकी. तिसऱ्या सिलेंडरची कॅप हातात घेतली आणि पोटात गोळाच आला. जोडाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत! आधीच्या हेल्परला फोन लावला. "लई खडबडीत हुतं शेठ, पॉलिश पेपरनं घासून चकाचक केलं."

हल्लीच्या बऱ्याच रॉडची कॅप कापलेली नसते, मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते. फुटलेल्या खापराचे दोन तुकडे जसे एकमेकांत बसतात, तशी ती फक्त आपल्याच रॉडवर, एकाच बाजूने बसते. तो खडबडीतपणा हीच तिची पकड. घासल्यावर भोक लंबगोल होतं, तेलाचा थर टिकत नाही, बेअरिंग फिरतं. त्या पोराने चारही घासल्या होत्या. चारही रॉड भंगारात, क्रँक ग्राइंडिंगला. मी कॅप सोडवली की मार्करने नंबर टाकतो आणि लगेच त्याच रॉडला दोन-चार आटे लावून ठेवतो. पंचने नंबर ठोकू नका.

टॉर्क रेंचची (ठरावीक जोराला टिक वाजवणाऱ्या पान्याची) टिक वाजली की बोल्ट बसला, हा दुसरा गैरसमज. बराचसा टॉर्क घर्षणातच जातो. कोरडा बोल्ट, तेल लावलेला आणि मॉली ग्रीस लावलेला, तिघांचा ताण वेगळा येतो. मी मायक्रोमीटरने आवळण्याआधी आणि नंतर लांबी मोजतो आणि बोल्ट किती ताणला ते बनवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडून बघतो. वेळ लागतो. ज्याला थांबायचं नाही त्याने गाडी दुसरीकडे न्यावी. कंपनीचे एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा लावणं तर नकोच.

रॉड घासताना ग्राइंडर आडवा फिरवू नका. आडवा ओरखडा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. घासायचंच तर रॉडच्या लांबीने, आणि नंतर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग कणखर करणं. माझं विचाराल तर बूस्ट खूप वाढवणार असाल तर सरळ ४३४० या मिश्र पोलादाचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) रॉड घ्या.

बूस्ट रॉडला दाबतो, आरपीएम ओढतो. ६००० वरून ७००० आरपीएमला गेलात की ही ओढ ३६ टक्क्यांनी वाढते. आणि १८०० आरपीएमला पाचव्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट मागितलात तर रॉड वाकू शकतो. रिमॅपमध्ये कमी आरपीएमचा टॉर्क हळूहळू चढू द्या.

वाकलेला रॉड सरळ करून वापरू नका.

२०१९ च्या पुरात पाणी प्यायलेलं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून त्यातले रॉड उचलणारेही भेटलेत. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून अशा इंजिनात रॉडच वाकलेला असू शकतो. हेड काढा, डायल गेज लावा, चारही पिस्टन वर कुठवर येतात ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा रॉड वाकलाय.