टाइमशेअर विकून देतो असा फोन आला तर काय करायचं, आणि सरकारला काय विचारायचं

माझे काका मुलुंडला राहतात, रिटायर्ड आहेत. २०११ मध्ये वाशीच्या एका मॉलमध्ये त्यांनी लकी ड्रॉचा फॉर्म भरला, मग नवराबायको दोघांनी यायचंच अशी अट असलेल्या फुकट जेवणाला गेले आणि रात्री साडेदहाला २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात घेऊन घरी आले. हाच तो टाइमशेअर, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क. बुकिंग पाहिजे तेव्हा मिळायचं नाही, एएमसी, म्हणजे देखभालीची फी, मात्र दरवर्षी भरायची. मग गेल्या वर्षी दुपारी फोन आला. मुलगी अगदी स्वच्छ मराठीत बोलत होती, "काका, तुमच्या मेंबरशिपला पार्टी रेडी आहे, चार लाख वीस हजार देतायत, फक्त एनओसीचे साडेअठरा हजार भरा, ते नंतर रिफंड होतात." तिला मेंबरशिप नंबर माहीत होता, काकांची जन्मतारीख माहीत होती, त्यामुळे काकांना वाटलं की कंपनीतूनच फोन आहे. एनओसी झाली, मग जीएसटी, मग टीडीएस. तिसऱ्या वेळी काकू म्हणाली, "अहो, पार्टी घ्यायला तयार आहे तर पैसे आपणच का भरतोय?" सगळं इथेच आहे खरं तर, पण तोवर ८६ हजार गेले होते.

तर पहिली गोष्ट हीच, विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात. खरा दलाल असेल तर तो व्यवहार झाल्यावर आलेल्या पैशातून दलाली घेतो. एनओसी, ट्रान्सफर फी, टॅक्स, स्टॅम्प ड्युटी, नाव काहीही देऊ देत, विक्रीच्या आधी मागितलं की फोन ठेवा. ट्रान्सफर फी खरंच असते का हे विचारायचं असेल तर मूळ करारावरच्या नंबरवर स्वतः फोन लावा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही.

दुसरं म्हणजे अकाउंट कुणाच्या नावावर आहे ते बघा. मी काकांची फाइल उघडली तेव्हा लेटरहेडवर मोठ्या अक्षरात प्रायव्हेट लिमिटेड, खाली जांभळा गोल शिक्का, आणि पैसे गेलेत ते कुठल्यातरी माणसाच्या सेव्हिंग अकाउंटला! तिन्ही वेळा वेगळं नाव. यूपीआय करताना स्क्रीनवर नाव येतंच की, ते वाचा. आणि केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या साइटवर कंपनी मास्टर डेटा फुकट बघता येतो, त्यात कंपनी कधी नोंदली, पत्ता काय, चालू आहे की बंद पडली सगळं दिसतं. "वीस वर्षं या धंद्यात आहोत" म्हणणारी कंपनी आठ महिन्यांपूर्वी नोंदलेली निघाली तर समजून जा.

पैसे गेलेच असतील तर घरात भांडत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, कारण पैसे पुढच्या अकाउंटला सरकले की धरणं कठीण होतं. काकांचे शेवटचे ३१ हजार असेच होल्ड झाले, आधीचे नाही, कारण त्यांना लाज वाटत होती आणि त्यांनी चार दिवस कुणाला सांगितलंच नाही. ही लाज सोडा प्लीज, आईवडिलांनाही सांगा की तुम्हाला कुणी बोलणार नाही. मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि पोलिस स्टेशनला जा. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२० ते हेच.

मूळ मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीबद्दल तक्रार असेल तर तो वेगळा रस्ता आहे, दोन्ही एकत्र करू नका. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि नाही जमलं तर ग्राहक आयोग. तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी शून्य, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांसाठी काम करतेय, त्यांच्याशी बोलून घेतलं तर अर्धा गोंधळ कमी होतो.

आणि हो, काही महिन्यांनी परत फोन येईल, "आम्ही कोर्टातून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्यांची यादी फिरत असते. काकांना आला तसा फोन, या वेळी काकूनेच घेतला.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत ही फसवणूक इतकी वाढली की २०१३ च्या जूनमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी सरकारी संस्था) राज्यं आणि इतर देशांच्या यंत्रणांबरोबर मिळून १९१ कारवाया जाहीर केल्या. मेक्सिकोत तर ड्रग्जवाली हालिस्को टोळीच कॉल सेंटर चालवते, एफबीआयच्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी जवळजवळ ३० कोटी डॉलर गेल्याचं कळवलं. अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्याने २०१२ मध्ये यासाठी खास कायदा केला, आधी लेखी करार, सही केल्यावर सात दिवसांत रद्द करायचा हक्क. असा नेमका रिसेलसाठीचा नियम आपल्यालाही पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

फ्लोरिडाच्या त्या कायद्यासाठी पुढाकार घेतला होता तिथल्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकील, पॅम बॉंडी यांनी. तिकडे बऱ्याच राज्यांत हे पद निवडणुकीने भरतात, म्हणजे ज्यांनी फसवणाऱ्यांवर केस टाकायची त्यांनाच प्रचारासाठी देणग्याही लागतात. २०१३ मध्ये बॉंडींच्या राजकीय समितीला डोनाल्ड ट्रम्प यांच्या धर्मादाय संस्थेकडून, ट्रम्प फाउंडेशनकडून, २५,००० डॉलर मिळाले आणि त्याच सुमारास बॉंडींचं ऑफिस ट्रम्प यांच्याच ट्रम्प युनिव्हर्सिटी नावाच्या कोर्सेसबद्दलच्या तक्रारी बघत होतं. टाइमशेअरशी या देणगीचा संबंध नाही, आणि तक्रारींशीही काही संबंध नाही असं दोन्हीकडून सांगितलं गेलं, पण धर्मादाय संस्थेला राजकीय देणगी देता येत नसल्यामुळे २,५०० डॉलर दंड भरावा लागला. म्हणजे चांगला कायदा आणणाऱ्या माणसालाही "देणगीचा कारवाईवर परिणाम झाला का" हा प्रश्न विचारता आला, तो कागद उघडा होता म्हणून.

आपल्याकडचे कागद असे बघायचे. मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीचं करारावरचं पूर्ण नाव आणि तिच्या मूळ कंपनीचं नाव एका कागदावर लिहून घ्या, कारण बोर्डावरचं नाव आणि नोंदलेलं नाव बरेचदा वेगळं असतं. मग निवडणूक आयोगाच्या साइटवर पक्षांचे देणगी अहवाल उघडा, २० हजारांच्या वरची देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला त्यात द्यावं लागतं. इलेक्टोरल बॉण्ड, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचे रोखे, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, त्यानंतर मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या, २१ मार्चला बॉण्डचे नंबरही आले, त्यामुळे कुणी घेतला आणि कुठल्या पक्षाने वटवला ते जुळवता येतं. त्यात १२ एप्रिल २०१९ पासूनचेच बॉण्ड आहेत, हे लक्षात ठेवा. पीडीएफ लांबलचक आहेत, कंट्रोल एफ दाबून नाव शोधा, स्पेलिंग दोनतीन प्रकारे टाकून बघा. आमदार, खासदारांची प्रतिज्ञापत्रंही आयोगाच्या साइटवर असतात, त्यात मालमत्ता आणि शेअर्स दिसतात. पक्षांना माहिती अधिकारात विचारायला जाऊ नका, केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना तो कायदा लागू असल्याचं सांगूनही पक्षांनी ते पाळलेलं नाही.

नाव सापडलं म्हणून लगेच व्हॉट्सअॅपवर "विकला गेला" असं टाकू नका हं. कंपनीने देणगी देणं हा गुन्हा नाही आणि नुसत्या देणगीवरून काही सिद्ध होत नाही, उलट खोटा आरोप केला तर तुमच्याच अंगाशी येईल. देणगीची तारीख आणि तक्रारींची तारीख शेजारी शेजारी लिहा आणि प्रश्न विचारा.

प्रश्न विचारायची जागा म्हणजे महाराष्ट्राचं आरटीआय पोर्टल, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "कारवाई का केली नाही" असं लिहिलं तर उत्तर येत नाही, माहिती मागा. मी मुंबई पोलिसांना लिहिलं ते असं, "गेल्या तीन वर्षांत हॉलिडे मेंबरशिप किंवा टाइमशेअर पुनर्विक्रीच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले, किती आरोपपत्रं दाखल झाली, वर्षनिहाय द्यावे." उत्तर आलं की त्याची झेरॉक्स घेऊन आमदारांच्या ऑफिसला जा आणि पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) लावा म्हणून लेखी पत्र द्या, पोच घ्या. एकटे जाऊ नका, सोसायटीत असे फसलेले दोघंतिघं तरी निघतात, आमच्या काकांच्या एकाच विंगमध्ये तीन निघाले आणि त्यातल्या एका आजींनी तर पत्रावर सही करेपर्यंत स्वतःच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.