एसीत गॅस भरायच्या आधी हे बघा

मार्चअखेर कोल्हापुरात एसी पहिल्यांदा सुरू केला आणि गार हवा येईना, की फोनवरच निदान होतं: "गॅस गेलाय, भरावा लागंल." हे निदान बऱ्याचदा चुकतं. गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो तांब्याच्या बंद नळीतून फिरत राहतो. खरोखरच कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार, आणि पैसेही त्याच्याबरोबर.

आधी आतल्या युनिटच्या जाळ्या काढा. वापर रोजचा असेल तर दर 15 दिवसांनी धुवा. धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूनं नळाची धार सोडली की थर अख्खा सुटून येतो, ब्रश घासायची गरज पडत नाही. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा, ओली जाळी कुबट वास धरते. जाळी तुंबली की कॉइलवरून, म्हणजे मागच्या गार नळ्या-पात्यांवरून, हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि तक्रार मात्र गॅस संपल्यासारखीच दिसते.

मग बाहेरचं युनिट. आपल्याकडे याची वेगळी काळजी लागते. ऊसतोडणीच्या हंगामात फडात पाचट पेटवतात, त्याची काजळी गच्चीवर, गॅलरीत येऊन पडते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला फाउंड्रीची धूळ असते. हे सगळं एसी बंद असतानाच बसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्याआधी एकदा एमसीबी (एसीची वीज तोडणारा स्विच) बंद करा, वरचं झाकण काढा, वायरिंगचा डबा प्लास्टिकनं झाका आणि बागेच्या पाइपनं आतून बाहेर पाणी मारा. गाडी धुवायचा जोराचा पंप वापरू नका, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या दुमडतात आणि वाट कायमची बंद होते. ॲसिडचं पाणी कुणी मारत असेल तर थांबवा. कॉइल त्या दिवशी चकचकीत दिसते, पण पात्या झिजलेल्या असतात.

एवढं झाल्यावर मोजा. दारं-खिडक्या लावून, कूल मोडवर, सर्वांत कमी तापमान आणि पंखा जोरात ठेवून 15-20 मिनिटं चालवा. साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी, मग गार हवा येते तिथं धरा. 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर गॅसला हात लावू देऊ नका. खोली तरीही गार होत नसेल तर दोष स्लॅबच्या उन्हाचा किंवा कमी टनाच्या मशीनचा असतो.

फरक कमी आला तर बाहेरच्या युनिटच्या कडेला दोन नळ्या जोडल्यात तिथं वाका. बारीक नळीच्या नटावर बर्फाचा पांढरा थर असेल तर गॅस कमी असल्याची शंका रास्त आहे. नटाभोवती काळपट, बोटाला चिकटणारी तेलकट धूळ दिसली तर गळती बहुतेक तिथंच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (बाहेरच्या युनिटमधल्या गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. साबणाचा फेस लावा, बुडबुडे फुगतील. नळीचं तोंड चिरलं असेल तर कापून नव्यानं फ्लेअर करावं, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवावं लागतं, नुसतं आवळून भागत नाही.

मेकॅनिककडं व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे का, हे आधीच विचारा. दुरुस्तीनंतर किमान 20-30 मिनिटं व्हॅक्यूम हवा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायला हवी, नाहीतर आत राहिलेली ओल तेल खराब करते आणि पुढं कॉम्प्रेसर जातो. गॅस किती ग्रॅम, ते युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं, तेवढाच वजनावर भरायचा. आर-32 हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट बंद.

जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत बाहेरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि बंद पडतो, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर. दीड टनाला साधारण 35 ते 50 मायक्रोफॅरडचा असतो. मीटरवर छापील आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून कमी दाखवला तर बदला. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, त्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

वळीव झाला की हवा दमट होते आणि भिंतीवर पाणी गळायला लागतं. तेव्हा दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणीसुद्धा काढतो. आतल्या युनिटखाली हे पाणी साठतं त्या ट्रेमध्ये शेवाळाचा बुळबुळीत गोळा निचऱ्याच्या पाइपाचं तोंड बुजवतो. एसी बंद करून पाइपाच्या बाहेरच्या टोकानं, पाणी ओढू शकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या, मग ट्रेमध्ये सावकाश अर्धा लिटर पाणी ओतून बघा. बाहेरून फुंकू नका, घाण परत ट्रेत येते. पाइप कुठं वर चढत असेल तर तोही सरळ उतारावर घ्या.

जूनमध्ये एसी बंद ठेवताना दोन-तीन तास नुसता फॅन मोड चालवा, कॉइल वाळू द्या, रिमोटचे सेल काढा. बाहेरच्या युनिटवर फक्त वरून झाकण टाका. सगळं गुंडाळलं की आत ओल राहते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

पंचगंगेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चा पूर बघितलाय. पाणी चढायच्या आत एमसीबी पाडा. युनिट बुडालंच तर ओसरल्यावर "चालतंय का बघू" म्हणून बटण दाबू नका, ओल्या सर्किट बोर्डाला वीज मिळाली की तो जळतो. बोर्ड काढून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवून पूर्ण वाळवावा लागतो, पंख्याच्या मोटरचं बेअरिंग आणि सगळी कनेक्शनं तपासावी लागतात. कॉम्प्रेसर मात्र सीलबंद असतो. त्याची टर्मिनल्स साफ करून, इन्सुलेशन मोजून मगच तो बाद ठरवा.