मॅरेथॉन ते पार्थेनॉन: ग्रीक-पर्शियन युद्धांचा अभ्यास करताना

पदव्युत्तर वर्गात ग्रीक-पर्शियन युद्धांवर मी लिहिलेल्या पहिल्या निबंधात स्वातंत्र्यप्रिय ग्रीकांनी पर्शियन हुकूमशाहीला परतवून लावले आणि त्या विजयाच्या उत्साहातून अथेन्समध्ये कला बहरली, अशी सरळसोट मांडणी होती. मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत केला: ‘पर्शियाच्या बाजूने किती ग्रीक लढले?’ उत्तर शोधताना माझा निबंध कोसळला आणि अभ्यास सुरू झाला. इ. स. पू. 480 मध्ये सॅलामिसच्या सागरी लढाईत पर्शियन सम्राट झर्क्सिसच्या आरमारात आयोनियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील, ग्रीकांची जहाजे होती, तर पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या रणांगणावर थीब्जचे ग्रीक पर्शियन सेनापती मार्डोनियसच्या बाजूने उभे होते. या युद्धांचा इतिहास लिहिणारा हेरोडोटस ज्या हॅलिकार्नॅससचा, तेथील राणी आर्टेमिसिया हीसुद्धा पर्शियाकडूनच लढली.

या विषयात नव्याने येणाऱ्याने हेरोडोटस मुळातून, निदान अनुवादातून, वाचलाच पाहिजे. मात्र त्याचे सगळे आकडे एकाच तागडीत टाकू नयेत. इ. स. पू. 490 मध्ये पर्शियनांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईत 192 अथेन्सवासी पडले हा त्याचा आकडा अभ्यासक विश्वसनीय मानतात, परंतु झर्क्सिसचे 17 लाख पायदळ कोणी खरे धरत नाही. अथेन्सचा दूत फिडिपिडिस याची धाव हेही असेच एक उदाहरण आहे. हेरोडोटसच्या वृत्तांतात तो मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावतो. विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा धावपटू नंतरच्या लेखकांकडून आलेला आहे.

पर्शियन बाजूने या युद्धांचा सलग वृत्तांत उपलब्ध नाही, म्हणून ती बाजू शिलालेख आणि हिशेबांतून जुळवावी लागते. झर्क्सिसचा पिता सम्राट दारियस याचा इराणमधील बेहिस्तून येथील त्रैभाषिक लेख उलगडण्यात मोठा वाटा असलेला हेन्री रॉलिन्सन हा मुंबई इलाख्याच्या लष्करातून पुढे आलेला अधिकारी होता. पर्शियन राजधानी पर्सेपोलिसला सापडलेल्या, मुख्यतः एलामाइट भाषेतील मृत्तिकापट्टांवर शिधावाटपाच्या नोंदी आहेत. त्या रूक्ष वाटतात, पण साम्राज्य प्रत्यक्षात कसे चाले हे त्यांतूनच उमगते. दारियसच्या लेखांत ग्रीकांना ‘यौन’ म्हटले आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील दानलेखांत भेटणारा ‘यवन’ हा त्याच शब्दाचा भाऊबंद आहे, हे कळले तेव्हा हा विषय मला एकदम जवळचा वाटू लागला. शिवाय झर्क्सिसच्या सैन्यात सुती वस्त्रे नेसलेले, वेताची धनुष्ये घेतलेले भारतीय सैनिक असल्याचे हेरोडोटसने नोंदवले आहे.

युद्धोत्तर बहराचा अभ्यास मात्र मूर्तींपासून नव्हे, तर पैशापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतील चांदी वाटून न घेता तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, असे अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने अथेन्सच्या नागरिकांना पटवले आणि त्याच नौका सॅलामिसला कामी आल्या. इ. स. पू. 478 च्या सुमारास पर्शियाविरुद्ध शहरांचा संघ स्थापन झाला, त्याचा खजिना डेलॉस बेटावर ठेवला गेला आणि इ. स. पू. 454 मध्ये तो अथेन्सला हलवण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक शहराच्या खंडणीचा साठावा भाग अथेना देवीला अर्पण होऊ लागला आणि ती रक्कम दगडावर कोरली जाऊ लागली. ग्रीकांच्या चलनात एक टॅलेंट म्हणजे 60 मिना आणि एक मिना म्हणजे 100 द्राख्मे. त्यामुळे दगडावर 100 द्राख्मे दिसले की त्या शहराने एक टॅलेंट भरला, हे कागद-पेन्सिलीविना कळते. या नोंदींतील अंकही अवघड नाहीत: दहासाठी ‘देका’ या शब्दाचे आद्याक्षर, म्हणजे त्रिकोणी डेल्टा, वापरले जाते आणि ‘देका’ व ‘दश’ यांचे नाते आपल्याला सांगावे लागत नाही. केवळ ग्रीक लिपी आणि हे अंक शिकून मी त्या याद्यांच्या छायाचित्रांशी तासन् तास झटत असे. विजयगाथांनी जे शिकवले नव्हते ते या याद्यांनी शिकवले.

इ. स. पू. 447 मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिस या टेकडीवर अथेनाच्या पार्थेनॉन या मंदिराचे बांधकाम सुरू झाले. पर्शियनांनी जाळलेल्या अक्रोपोलिसवरील अर्धवट राहिलेल्या जुन्या मंदिराच्या खांबांचे दगड उत्तरेकडील तटात आजही बसवलेले दिसतात. नव्या वास्तूसाठी संघाचा पैसा नेमका किती वापरला गेला, यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि नवख्याने त्यांत घाईने बाजू घेऊ नये.

सनावळीबाबत एक सूचना करतो. इ. स. पू. 1 नंतर थेट इ. स. 1 येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून मॅरेथॉनच्या लढाईला 2500 वर्षे 2011 मध्ये पूर्ण झाली, जरी अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीने तो सोहळा 2010 मध्येच उरकला.

वाचनाची सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर मी अथेन्सचा नाटककार एस्किलस याचे ‘पर्शियन’ हे नाटक सुचवतो. ते सॅलामिसनंतर आठच वर्षांनी, इ. स. पू. 472 मध्ये, रंगमंचावर आले. त्याचे सारे कथानक पर्शियन राजधानी सुसा येथे, पराभूतांच्या राजवाड्यापुढे घडते आणि एकाही ग्रीक वीराचे नाव त्यात येत नाही. नाटकातील वृंदाचा खर्च उचलणारा धनिक तरुण होता पेरिक्लिस, ज्याच्या नेतृत्वाखाली पुढे पार्थेनॉन उभे राहिले. अथेन्सच्या नाट्यस्पर्धांच्या दगडी नोंदीत त्या वर्षासाठी एस्किलसचे नाव आहे, आणि त्याच्याआधी खर्च करणाऱ्याचे.